लाट अवचित येते काय?

समुद्रकांठीं कोणी बुडालें म्हणजे दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत एक शब्द हटकून आढळतो. ‘अचानक आलेल्या लाटेनें’ अमुक इतक्या जणांस ओढून नेलें असें आपण वाचतों, क्षणभर हळहळतों आणि पान उलटतों. २०२३ च्या जुलै महिन्यांत मुंबईस वांद्र्याच्या बँडस्टँडवर खडकावर बसलेल्या एका स्त्रीस लाटेनें नेलें, तेव्हांही हाच शब्द सर्वांच्या तोंडीं होता. शोकाच्या प्रसंगीं शब्दांची चिकित्सा करूं नये हें आम्हांस मान्य आहे. परंतु शोक ओसरल्यावरही ती कोणी करीत नाहीं आणि पुढल्या पावसाळ्यांत तोच शब्द पुन्हां छापला जातो. म्हणून ती एकदां निवांतपणें करावी असें आम्हीं योजिलें आहे. अवचितपणा हा लाटेचा गुण, कीं पाहणाराच्या नजरेचा? लाट जर मनुष्यमात्राच्या कल्पनेपलीकडची असेल तर दोष कोणाकडेच जात नाहीं. परंतु ती केवळ आपल्याच कल्पनेपलीकडची असेल, आणि शेजारच्या झोंपडींतल्या कोळ्यास ती ठाऊक असेल, तर ‘आम्ही काय करणार, लाटच अवचित आली’ हें म्हणणें कितपत खरें धरावयाचें? आमच्या मतें हा प्रश्न समुद्रशास्त्राइतकाच नीतिशास्त्राचाही आहे.

असा प्रश्न मौद्यासारख्या गांवीं बसून विचारावा याचें कोणास हंसूं येईल. मौदा हें गांव नागपूर-भंडारा रस्त्यावर कन्हान नदीच्या कांठीं वसलेलें. येथून अरबी समुद्र सरळ रेघेनें मोजला तरी सुमारें ७०० किलोमीटर दूर. इतकेंच काय, आमच्या नदीचें पाणीही त्या समुद्रास मिळत नाहीं; तें वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असे हात बदलीत पूर्वेच्या समुद्रास जातें. तथापि अलीकडे आमच्या बाजूचीं कुटुंबें दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटींत कोंकणांत जाऊं लागलीं आहेत. अलिबाग, गणपतीपुळें, मालवण, तारकर्ली हीं नांवें आतां येथील मुलांस भूगोलाच्या पुस्तकाबाहेरही माहीत असतात. पूर्वीं लोक समुद्र पाहून परत येत. आतां त्यांत उतरण्याची हौस आली आहे. कयाक नांवाची एक चिंचोळी होडी भाड्यानें मिळते. तींत एक किंवा दोन माणसें पाय पसरून बसतात आणि दोन्ही टोंकांस पातें असलेल्या वल्ह्यानें स्वतःच ती वल्हवितात. नावाडी नको, शीड नको, यंत्र नको. हौस चांगली आहे. तिची निंदा करण्याकरितां आम्ही हा लेख लिहीत नाहीं. मात्र ज्यानें जन्मभर तळ्याचें सपाट पाणीच पाहिलें तो जेव्हां समुद्राच्या पाठीवर जाऊन बसतो, तेव्हां त्याच्या गांठीं कोणतें ज्ञान असतें हें पाहिलें पाहिजे. आमचें म्हणणें असें कीं, कन्हानकांठच्या माणसापाशीं याविषयीं एक फार उपयोगी ज्ञान असतें. गाडींत बसतांना तो तें घरीं विसरून जातो, इतकेंच.

कन्हान सातपुड्यांत, छिंदवाड्याच्या बाजूस उगम पावते. कामठीजवळ तिला पेंच मिळते. म्हणजे मौद्यापुढून वाहणारें पुष्कळसें पाणी मौद्यास न दिसणाऱ्या डोंगरांवर पडलेलें असतें. श्रावणांत कित्येकदां येथें स्वच्छ ऊन असतें, वाळूचीं बेटें उघडीं असतात, आणि तरीही पाण्याचा रंग पालटतो, कडेचा काडीकचरा हलूं लागतो, व पाहतां पाहतां वाळू नाहींशी होते. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली, पेंचवरील धरणांचे दरवाजे उघडावे लागले, आणि पारशिवनी, कामठी, मौदा या तालुक्यांतील नदीकांठच्या गांवांत पाणी शिरलें. त्या वेळची व्यवस्था कशी होती हा वाद वेगळा. येथें मुद्दा एवढाच कीं, नदीकांठचा म्हातारा डोक्यावरचें आकाश पाहून नदींत पाऊल टाकीत नाहीं. तो विचारतो, ‘वर पाऊस आहे काय?’ हें ‘वर’ म्हणजे डोक्यावर नव्हे. नदीच्या वरच्या अंगास. त्या एका शब्दांत त्याचें सारें जलशास्त्र आलें. बाहेरगांवचा पाहुणा त्याच वाळूवर सतरंजी पसरून बसला तर त्याला पूर अवचित वाटेल. म्हाताऱ्यास वाटणार नाहीं. पूर एकच, घटकाही एकच. अवचितपणा मात्र एकाच्याच वांट्यास आला.

समुद्रालाही असें एक ‘वर’ आहे. तें दिसत नाहीं, कारण तें क्षितिजाच्या पलीकडे असतें. मालवणच्या किनाऱ्यावर फुटणारी लाट मालवणच्याच वाऱ्यानें उठविलेली असते असा नवख्याचा समज असतो. वाऱ्यानें लाट उठते हें खरें. पण वारा कोठला? दक्षिण गोलार्धांत ४० ते ६० अक्षांशांच्या दरम्यान समुद्र जवळजवळ सलग पृथ्वीभोंवतीं पसरलेला आहे, व तेथें वादळांस खळ असा नसतो. तेथें उठलेल्या लाटा वादळाबाहेर पडून चालूं लागल्या म्हणजे वाटेंत त्यांची आपोआप निवड होते: आंखूड लाटा मागें पडून विरतात, लांब लाटा पुढें जातात. ज्या लाटांच्या एका माथ्यामागून दुसरा माथा येण्यास १८ सेकंद लागतात, त्यांची शक्ति खोल समुद्रांत तासास सुमारें ५० किलोमीटर, म्हणजे दिवसास सुमारें १२०० किलोमीटर प्रवास करिते. दक्षिणेकडील पन्नासाव्या अक्षांशापासून कोंकणापर्यंत ७००० किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. ही सहा दिवसांची वाट झाली. तेव्हां आज सकाळीं वारा अगदीं पडलेला असतां तारकर्लीच्या वाळूवर जी लाट आली, तिचें जन्मटिपण गेल्या आठवड्याचें व दुसऱ्या गोलार्धाचें असूं शकेल. खोल पाण्यांत ही लाट इतकी लांब व सपाट असते कीं होडींतल्या माणसास ती जाणवतही नाहीं. उथळ पाण्यांत शिरली कीं तिचा वेग मंदावतो, मागून येणारी शक्ति दाटते, आणि ती उभी राहते.

केरळांतील कोळ्यांनीं या प्रकारास ‘कल्लक्कडल’ असें नांव दिलें आहे. ‘कल्लन्’ म्हणजे चोर व ‘कडल’ म्हणजे समुद्र. चोरपावलांनीं येणारा समुद्र. शास्त्रज्ञांनींही हा कोळ्यांचा शब्द जसाच्या तसा आपल्या लेखनांत घेतला, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आतां अशा लाटांची आगाऊ सूचना किनाऱ्यावरील जिल्ह्यांस देतें. शब्द बोलका आहे खरा, पण त्याविषयीं आमची एक बारीकशी तक्रार आहे. चोर येण्यापूर्वीं वर्दी देत नाहीं. हा चोर कित्येक दिवस आधीं निघतो, आणि वाटेंत समुद्रावर तरंगणाऱ्या मापकयंत्रांस आपली उंची मोजूं देत येतो. अशास चोर म्हणावयाचें तर घरधन्याच्या झोंपेस काय म्हणावें?

ही झाली दुरून येणाऱ्या लाटांची गोष्ट. अवचित लाटेचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो अधिक विचार करावयास लावणारा आहे. समुद्र नेहमींसारखा आहे, कोणतीही सूचना नाहीं, लाटा कमरेइतक्या येत आहेत. आणि त्यांतच एकाएकीं दुप्पट उंचीची एक लाट उभी राहते. ही कोठून आली? उत्तर असें कीं, ती बाहेरून आलीच नाहीं. ती त्याच समुदायांतली होती. समुद्राच्या पाठीवर एकाच वेळीं अनेक लांबींच्या व अनेक दिशांच्या लाटा एकमेकींवरून जात असतात. बहुधा एकीचा माथा दुसरीच्या खळग्यांत पडतो आणि दोघींची उंची झांकली जाते. क्वचित् कित्येकींचे माथे एका जागीं, एका क्षणीं येतात. लाँग्युएट-हिगिन्स या इंग्रज गणित्यानें १९५२ सालीं लाटांच्या उंचीची ही वांटणी कशी असते याचें गणित मांडलें, व तें आजही उपयोगांत आहे. समुद्रावरील लाटांपैकीं सर्वांत उंच अशा एकतृतीयांश लाटा घ्याव्या व त्यांच्या उंचीची सरासरी काढावी. कसलेल्या खलाशास नुसत्या नजरेनें लाटांची जी उंची वाटते ती साधारण एवढीच भरते. या उंचीच्या दीडपट लाट सुमारें ९० लाटांत एक येते, आणि दुप्पट लाट सुमारें ३००० लाटांत एक.

आतां हे आंकडे घड्याळाशीं लावून पाहावे. दर दहा सेकंदांस एक लाट धरली तर ९० लाटांस १५ मिनिटें लागतात, आणि ३००० लाटांस ८ तास २० मिनिटें. जो गृहस्थ गाडींतून उतरला, पांच मिनिटें समुद्राकडे पाहून ‘आज समुद्र शांत आहे’ म्हणाला आणि होडी लोटून मोकळा झाला, त्यानें ३० लाटा पाहिल्या. तो दोन तास पाण्यावर राहणार. म्हणजे ३० लाटांच्या साक्षीवर त्यानें ७२० लाटांचा निकाल देऊन टाकला! एखाद्या मुनसफानें असा निकाल दिला असता तर वरच्या कोर्टानें तो सहज फिरविला असता. म्हणूनच समुद्रावर वल्हविणारे अनुभवी लोक पाण्यांत उतरण्यापूर्वीं पंधरावीस मिनिटें नुसते उभे राहून पाहतात व तो वेळ वायां गेला असें मानीत नाहींत. आणि एवढें पाहूनही, पाहिलेल्या सर्वांत मोठ्या लाटेहून मोठी एखादी लाट आज आपल्या वांट्यास आहे असें धरूनच चालतात. सातवी लाट मोठी असते असा जो एक समज आहे त्यास मात्र आधार नाहीं. मोठ्या लाटा पुष्कळदां तीनचारांच्या टोळीनें येतात व मध्यें शांततेचा काळ जातो, एवढें खरें. पण त्या कोणी मोजून पाठवीत नाहीं. आणि नवखा मनुष्य फसतो तो लाटेमुळें नव्हे, या मधल्या शांततेमुळें.

याच संबंधांत एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. १८२६ सालीं द्युमाँ द्युर्व्हिल या फ्रेंच दर्यावर्द्यानें हिंदी महासागरांत सुमारें १०० फूट उंचीच्या लाटा पाहिल्याचें सांगितलें. त्याच्या तिघां सहकाऱ्यांची साक्षही होती. त्या काळीं लाट ३० फुटांहून उंच असूंच शकत नाहीं असें विद्वानांनीं ठरविलेलें होतें. तेव्हां आरागो या नामांकित शास्त्रज्ञानें त्याची जाहीर टिंगल केली. पुढें दीडशें वर्षांहून अधिक काळ खलाशी सांगत राहिले आणि विद्वान हंसत राहिले. हंसण्यास एक सोयही होती: ज्यांनीं तशी लाट अगदीं जवळून पाहिली त्यांतील पुष्कळसे साक्ष देण्यास परत आलेच नाहींत. शेवटीं १ जानेवारी १९९५ रोजीं उत्तर समुद्रांतील द्राउप्नर नांवाच्या नॉर्वेच्या फलाटावरील यंत्रानें २५.६ मीटर उंचीची लाट नोंदली. भोंवतालच्या समुद्राची, आम्हीं वर सांगितलेल्या रीतीनें काढलेली उंची त्या वेळीं सुमारें १२ मीटर होती. यंत्र बोललें तेव्हां विद्वानांनीं मान डोलाविली. द्युर्व्हिलनें पाहिलेली लाट फुटाफुटानें तेवढीच होती असा आमचा आग्रह नाहीं. वादळांत हेलकावणाऱ्या गलबतावरून अंदाज चुकणें साहजिक आहे. परंतु अंदाज चुकणें वेगळें आणि माणूस खोटा ठरणें वेगळें. एखादी गोष्ट आपल्या पुस्तकांत सांपडली नाहीं कीं ती सांगणाराच्या अंगीं दोष शोधावयाचा, ही खोड पंडितांपुरतीच आहे असेंही नाहीं. सुटी घालविण्यास किनाऱ्यावर गेलेला सुशिक्षित गृहस्थ जेव्हां नावाड्यास ‘तुम्ही लोक उगाच घाबरवतां’ असें सुनावतो, तेव्हां तो आरागोच्याच आसनावर बसलेला असतो. फक्त आरागोइतकें गणित त्यास येत नसतें.

लाटेचा धोका सर्व ठिकाणीं सारखा नसतो, हेंही येथें सांगितलें पाहिजे. खोल पाण्यांत कयाकखालून मोठी लाट गेली तर होडी वर जाते, खालीं येते, आणि पोटांत गोळा उठण्यापलीकडे बहुधा कांहीं होत नाहीं. लाट घात करते ती फुटतांना. आणि ती कोठें फुटावी याचा साधारण नियम आहे: पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापटीवर आली म्हणजे लाट कोसळते. मालवणच्या समुद्रांत बुडीत खडक पुष्कळ आहेत. १६६४ सालीं ज्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला त्याच्या भोंवतींही ते आहेत, आणि वाट माहीत नसलेल्या गलबतास ते कधींच दयाळू नव्हते. असा एक खडक पाण्याखालीं तीन मीटरांवर आहे असें समजा. दीड मीटरची लाट त्यावरून मुकाट्यानें निघून जाते. फेंस नाहीं, आवाज नाहीं. वल्हविणारा तेथलें नितळ पाणी पाहून थांबतो, मुलास खालचे मासे दाखवितो. पाऊण तासानें अडीच मीटरची लाट येते, आणि ती नेमकी त्याच खडकावर उभी राहून कोसळते. हा पाऊण तास आम्हीं मनानें घातलेला नाहीं. वरच्याच गणितानें, लाटांची उंची दीड मीटर व अंतर दहा सेकंदांचें असतां, तेवढ्या अवधींत अशी एक लाट यावयाची. खाडीच्या तोंडाशींही असाच डाव असतो. देवबागापाशीं कर्ली खाडी समुद्रास मिळते. ओहोटीचें पाणी बाहेर धांवत असतें व समोरून समुद्राच्या लाटा आंत येत असतात. प्रवाहाविरुद्ध आलेली लाट आंखूड आणि उंच होते. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यास अगुल्हास प्रवाहांत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडते, व तेथें मोठमोठ्या जहाजांचीं नाकें मोडलीं आहेत. भरतींत गुळगुळीत दिसलेलें खाडीचें तोंड ओहोटींत ओळखूं येत नाहीं. आणि त्याच वेळीं वल्हविणाराचे हात थकलेले असतात व पाणी त्याला बाहेर नेत असतें.

‘मोठी लाट येईल काय?’ हा प्रश्न आम्हांस म्हणून निरुपयोगी वाटतो. त्याचें प्रामाणिक उत्तर बहुतेक दिवशीं ‘बहुधा नाहीं’ असेंच येणार, आणि त्या ‘बहुधा’च्या भरंवशावर माणूस खडकावर जाऊन बसणार. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: ‘ती आलीच, तर त्या क्षणीं आम्ही कोठें असूं?’ याचें उत्तर देण्यास भविष्य जाणावें लागत नाहीं. फुटणाऱ्या लाटांच्या पट्ट्याबाहेर, बुडीत खडकापासून दूर, समुद्राकडे पाठ न करतां, अंगांत जीवरक्षक जाकीट घालून, सोबतीची होडी हांकेच्या अंतरावर ठेवून असूं. कीं यांतलें कांहींच नसेल? नुसत्या पाहणारानेंही एवढें लक्षांत ठेवावें कीं, खडक ओला आहे याचा अर्थ लाट तेथवर येऊन गेली आहे. ती सही वाचावयास गणित लागत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, तीन हजारांतील एका लाटेची धास्ती घेऊन बसलें तर कोणी समुद्रावर जाणारच नाहीं. आक्षेप वाजवी आहे. कोळी रोज जातो, गाबीत रोज जातो. त्यांच्या धैर्यापुढें आमची शहाणपणाची भाषा फिकी आहे. जाणत्या वयाचा, धोका समजलेला मनुष्य एकटा वल्हें घेऊन निघाला तर त्यास साहसी म्हणा कीं अविचारी म्हणा, तो स्वतःचेंच कांहींतरी पणास लावीत असतो. आम्ही त्यास अडविणार नाहीं. परंतु कयाकच्या पुढल्या बैठकीवर दहा वर्षांचें मूल बसविणारा बाप, चाळीस विद्यार्थ्यांची सहल नेणारा मास्तर, ‘चला हो, कांहीं होत नाहीं’ म्हणून मंडळीस पाण्यांत ओढणारा मेव्हणा, यांची गोष्ट तशी नाहीं. ते आपल्या पांच मिनिटांच्या पाहणीवर दुसऱ्याचा जीव लावीत असतात, आणि तो लावण्याचा अधिकार त्यांस कोणीही दिलेला नसतो. त्यांच्यावर नुसता विश्वास टाकलेला असतो. ‘आम्हांस ठाऊक नव्हतें’ हें त्यांचें उत्तर आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. जें अज्ञान कोणत्याही उपायानें दूर होण्यासारखें नव्हतें तें क्षम्य. पण जें एका प्रश्नानें दूर झालें असतें, आणि ज्याचें उत्तर देणारा माणूस पन्नास पावलांवर जाळें विणीत बसला होता, त्यास अज्ञान म्हणणें ही सौम्य भाषा झाली. तो आळस असतो, आणि पुष्कळदां अभिमानही असतो. टोपी काढून बसलेल्या, अर्ध्या चड्डींतल्या माणसास आपण काय विचारावें!

आमच्या लोकांपाशीं दैवाचा आधार नेहमींच तयार असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्मसिद्धीचीं पांच कारणें सांगितलीं आहेत, व त्यांत दैव हें पांचवें आहे. आमच्या घरांतून मात्र कांहीं विपरीत घडलें कीं तें पहिलें आठवतें आणि उरलेलीं चार कोणीच मोजीत नाहीं. दैवास त्याची जागा आहेच. सर्व काळजी घेऊनही समुद्रावर माणसें जातात, हें ज्यांच्या घरचें कोणी गेलें आहे त्यांस आम्हीं सांगण्याची गरज नाहीं. परंतु पांचव्याचें नांव घेण्यापूर्वीं पहिल्या चारांचा हिशेब द्यावा, एवढीच आमची मागणी आहे.

आणि तरीही एक अडचण उरते, जिचा उलगडा आम्हांस सहजासहजीं होत नाहीं. २०२४ च्या मे महिन्याच्या आरंभीं कल्लक्कडलाची सूचना निघालेली होती. ६ मे रोजीं कन्याकुमारी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर वैद्यकीचे पांच तरुण विद्यार्थी बुडाले. त्यांस दोष देण्याचें आमच्या मनांतही नाहीं. सूचना निघणें व ती पोंचणें यांत अंतर असतें. आणि ती पोंचणें व खरी वाटणें यांत त्याहूनही मोठें अंतर असतें. सूचना खरी कां वाटत नाहीं? कारण बहुतेक वेळां सूचनेमागून कांहींच घडत नाहीं. धोका दहांत एक असेल, तर ‘आज जाऊं नका’ म्हणणारा मनुष्य लोकांच्या दृष्टीनें नऊ वेळां खोटा ठरतो. तो दहाव्या वेळीं खरा ठरेल, पण तेव्हां ऐकणारे पाण्यांत नसतील तर तेंही कोणास कळणार नाहीं. ज्यास पाण्यापासून परतविलें तो घरीं येऊन जेवतो, झोंपतो, म्हातारा होतो, आणि त्या दिवसाची त्यास आठवणही राहत नाहीं. न झालेल्या अपघाताची बातमी कोणी छापीत नाहीं. इतर सद्गुणांस थोडें तरी यश पाहावयास मिळतें. सावधपणाचें यश असें कीं कांहींच दिसूं नये. मग तो पाळावा कोणत्या बळावर?

कोळीसमाजानें हा प्रश्न तर्कानें सोडविला नाहीं, रूढीनें सोडविला. पावसाळ्यांत दर्या बंद. नारळी पौर्णिमेस नारळ वाहून होड्या पुन्हां बाहेर. मधल्या काळांत एखादा दिवस समुद्र अगदीं निवळलेला असतो, पण त्या दिवशीं घरीं राहिलेल्यास कोणी भित्रा म्हणत नाहीं, व दिवस फुकट गेला म्हणून कोणी हिशेब मागत नाहीं. एकट्याच्या खांद्यास न पेलणारें ओझें सर्वांनीं मिळून उचललेलें असतें. हौशी होड्यांच्या धंद्यास अशी जुनी रूढी नाहीं. पावसाळ्यांत सरकारच्या हुकुमानें हा धंदा बंद असतो, तें ठीक. पण दक्षिणेकडल्या त्या लांब लाटा अधिककरून एप्रिल-मे महिन्यांत येतात, म्हणजे आकाश निरभ्र असतां, आणि नेमकी आमची उन्हाळ्याची सुटी असतां. त्या दिवसांत सारी मदार त्या एका होडीवाल्याच्या ‘नाहीं’ या शब्दावर असते.

आणि तो शब्द त्यास फार महाग पडतो. त्याचा हंगाम थोडा. होडीवर बहुधा कर्ज असतें. त्यानें नाहीं म्हटलें कीं गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातें, व शेजारचा हो म्हणतो. म्हणजे आम्हीं, लांबून आलेल्या सुशिक्षित मंडळीनें, आपल्या पैशानें कोणास पोसलें? जो नाहीं म्हणाला त्यास नव्हे. असे कांहीं हंगाम गेले कीं त्या किनाऱ्यावर नाहीं म्हणणारा कोणी उरणार नाहीं, आणि त्यानंतर आम्ही नावाड्यांच्या बेफिकिरीवर लेख लिहूं. यावर आमची एक साधी सूचना आहे. होडी ठरवितांना जो विसार दिला असेल तो, समुद्र पाहून होडीवाल्यानें फेरी नाकारली तर, परत मागूं नये. निदान अर्धा तरी त्याच्याकडे राहूं द्यावा. न झालेल्या फेरीचे पैसे द्यावयाचे हें चमत्कारिक वाटेल. परंतु छाती तपासून ‘कांहीं नाहीं’ म्हणणाऱ्या डॉक्टरास आपण फी देतोंच, आणि ती देतांना फसलों असें आपणांस वाटत नाहीं. मौद्याहून कोंकणांत जाणाऱ्या मंडळीनें खर्चाचा अंदाज मांडतांना गाडीभाडें, राहणें, जेवणखाण यांच्याच खालीं ही रक्कमही वहींत धरावी. ती द्यावी लागलीच तर तो दिवस मुलांस घेऊन कोरड्या वाळूवर, लाटांपासून चांगलें दूर बसावें, जवळ एक घड्याळ ठेवावें, आणि त्यांस लाटा मोजावयास सांगाव्या. नव्वदांत एक दीडपट निघते कीं नाहीं, तें त्यांचें त्यांनाच पाहूं द्यावें.